फॅशन इलस्ट्रेशनची फाइल, मेकअप आणि एका शेऱ्याने काढलेला घाम – माझा अनुभव

फॅशन इलस्ट्रेशन आणि रोजचा मेकअप असा संध्याकाळच्या बॅचचा सर्टिफिकेट कोर्स मी पुण्यात नोकरी सांभाळून पूर्ण केला. ज्यांना असा कोर्स करायचाय त्यांना एकच सांगते, बाकी कशाला घाबरू नका, फक्त स्किन टोनच्या टप्प्यासाठी भरपूर वेळ हाताशी ठेवा. ॲडमिशन, फी, फिगर ड्रॉइंग सगळं पटापट झालं. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, फॅशन फिगर नऊ-दहा डोक्यांची काढतात आणि जास्तीची उंची बहुतेक पायांत घालतात, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप चालतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना तर काहीच अवघड नाही.

अडलं ते चेहऱ्याच्या रंगापाशी. फायनल फाइलमध्ये फिगर्स आणि प्रत्येकीचा फेस चार्ट द्यायचा होता, म्हणजे कागदावर छापलेल्या चेहऱ्यावर खरा मेकअप वापरून ऑफिसला जाण्यासारखा साधा लुक करून दाखवायचा. मी ठरवलं होतं की माझ्या सगळ्या बायका गव्हाळ नाहीतर सावळ्या असणार, कारण मी स्वतः सावळी, आई सावळी, आणि ज्यांच्यासाठी आम्ही हे शिकतोय त्यातल्या कितीतरी जणी तशाच. फाइल तपासायला दिली, ती कितीतरी दिवस कोर्सच्या ऑफिसमधल्या टेबलावर तशीच पडून होती, आणि परत आली तेव्हा पेन्सिलने शेरा मारलेला, "स्किन डल दिसते, फ्रेश करा." फ्रेश म्हणजे नक्की काय ते विचारायला गेले तर मॅम बॅचवर, दुसऱ्या दिवशी गेले तर मॅम रजेवर, आणि ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, अगं शेरा लिहिलाय ना, तसं करून आण, थोडं उजळ कर, होईल पास. अजून आठवलं तरी डोकं तापतं. रंग मळकट लागला असेल तर तसं सांगा, मी सुधारेन, पण सावळा आहे म्हणून डल हे मी ऐकून घेणार नव्हते.

मग ठरवलं की रंग उजळ करायचा नाही, चांगला लावायचा. तयार पेन्सिलच्या डब्यातली ती गुलाबीसर पेन्सिल आपल्या कुणाच्याच अंगाची नसते, ती बाजूला ठेवा. वॉटर कलरमध्ये यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना घ्या, गव्हाळ रंगाला ऑकर जास्त, सावळ्याला सिएना जास्त. गडद करायला काळा अजिबात घालू नका, खरा मळकटपणा तिथून येतो. ब्रशच्या टोकावर येईल इतका अल्ट्रामरीन ब्लू सिएनात मिसळा, हनुवटीखालची आणि मानेची सावली अशी सुंदर येते की बघत राहावं. आणि कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथे पहिला पातळ हात तसाच मोकळा ठेवा, चमक तिथूनच येते, पांढरा रंग लावून नाही. मी खिडकीत बसून कागदाशेजारी माझाच हात ठेवायचे आणि मनगटाच्या वरच्या कातडीशी रंग जुळवायचे. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, वॉटर कलर ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, त्यामुळे वाळल्याशिवाय मॅच झाला म्हणू नका.

फाउंडेशनचं नेमकं उलटं असतं. बरीचशी फाउंडेशन्स चेहऱ्यावर थोडा वेळ राहिली की गडद किंवा केशरी होतात. हे मला मॉलमधल्या एका काउंटरमुळे कळलं. तिथल्या मुलीने माझ्याकडे नीट न बघताच माझ्यापेक्षा दोन शेड उजळ बाटली काढली, म्हणे मॅडम फंक्शनला छान ब्राइट दिसेल. मी म्हटलं मला फंक्शनला नाही, रोज बसने ऑफिसला जायला हवंय. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं, तरी दुकानांतली ही सवय जात नाही. तिने हाताच्या पाठीवर तीन रेघा ओढल्या, आतल्या पांढऱ्या लाइटमध्ये तिन्ही बऱ्या वाटल्या. मी तशीच बाहेर उन्हात गेले, तर सगळ्यात उजळ रेघ चक्क राखेसारखी दिसत होती, मधली पंधरा मिनिटांत केशरी झाली, आणि जी तिला "फार डार्क" वाटत होती तीच कातडीत मिसळून गेली होती. परत आत येऊन तीच जबड्याच्या कडेला लावून घेतली, कारण हाताचा आणि तोंडाचा रंग वेगळा असतो, मॅच मानेशी व्हायला हवा. गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या मेकअप ब्रँडने २०१७ मध्ये एकदम ४० शेड आणले होते, आणि इथे आपल्याच गावात आपला शेड मागून घ्यावा लागतो. पण मागा, लाजू नका, आणि बाहेर जाऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

फाउंडेशन कागदावर लावायला जाऊ नका हे वरच सांगायला हवं होतं, त्यातलं तेल पसरून भोवती डाग पडतो. फेस चार्टला सगळं पावडरमधलं वापरा, कॉम्पॅक्ट, आयशॅडो, ब्लश, आणि कागद थोडा खरखरीत घ्या, ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, वॉटर कलर पेपर मस्त, गुळगुळीत कागदावर पावडर टिकत नाही. घासू नका, दाबून दाबून लावा, शेवटी लांबून हलका हेअरस्प्रे.

सावळ्या रंगावर बेबी पिंक ब्लश वर तरंगल्यासारखा दिसतो, विटकरी किंवा गडद बेरी घ्या. डोळ्यांखाली काळं असेल तर आधी अगदी थोडा ऑरेंज करेक्टर (काळेपणा मारणारं केशरी क्रीम), मग कन्सीलर (डाग झाकायचं कातडीच्या रंगाचं क्रीम), नुसता कन्सीलर लावला की तिथे राखाडी दिसतं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाल्या सनस्क्रीनचा पांढरट थर राहू शकतो, मेकअपआधी तेही उजेडात बघून घ्या. काजळ पसरत असेल तर खालच्या पापणीखाली चिमूटभर पावडर थोपटा. तुळशीबागेतून घेत असाल तर वेष्टनावर बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि एक्सपायरी असल्याशिवाय डोळ्याला लागणारं काही उचलू नका, कितीही स्वस्त असलं तरी.

फाइल दुसऱ्यांदा दिली तेव्हा ऑफिसात ठेवलीच नाही. मॅम बॅच संपवून बाहेर येईपर्यंत थांबले आणि त्यांना म्हटलं, मॅम, इथे ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी या. प्रत्येक पानाच्या कडेला मी रंगाच्या पट्ट्या काढल्या होत्या, कुठल्या मिश्रणाचा कुठला थर ते लिहून. त्यांनी पानं उलटली, जांभळ्या इरकलमधल्या सावळ्या बाईपाशी थांबल्या, बोट ठेवून विचारलं ही सावली कशी काढली, मी सांगितलं. जुना शेरा त्यांनी स्वतः खोडला. रंग होता तितकाच गडद होता, एक छटाही उजळ केली नव्हती, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

अजून एक, फाइल जमा करताना पोच घ्याच आणि आधी दिवसाच्या उजेडात सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. माझी फाइल रिझल्टनंतरही कितीतरी दिवस तिथल्या कपाटात होती, तोवर कुणी काम बघायला मागितलं की ते फोटोच दाखवत होते.