डोळे मिचकवा, म्हणे!

देवगडला आमची हापूसची छोटीशी बाग, पेट्यांचे पैसे हल्ली ऑनलाईनच येतात, त्यामुळे केवायसी अपडेट करा असा बँकेचा मेसेज आला तेव्हा खातं अडकायला नको म्हणून मी लगेच फोन घेऊन बसलो. काचबिंदूने नजर गेली त्याला सहा वर्षं झाली. टॉकबॅकची, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीची, सवय आहे, बोट फिरवलं की फोन बोलतो, हवं ते आलं की दोनदा टॅप, पान सरकवायला दोन बोटं. आधार, पॅन, ओटीपी झालं. मग आला सेल्फी.

कॅमेरा उघडला आणि फोन मुका. चेहरा गोलात आहे की बाहेर, काही सांगेना. बोट फिरवलं तर 'लेबल नसलेले बटण', म्हणजे ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलेलं नाही, ते कशाचं हे फोन सांगणार कसा? खाली आणखी एक 'लेबल नसलेले बटण'. एक दाबलं तर थेट पहिल्या पानावर, पुन्हा आधार, पुन्हा ओटीपी. तीनदा! त्यात आमच्याकडे रेंज पडवीच्या टोकालाच, ओटीपी येईपर्यंत वेळ संपलेली. शेवटी भाचीला हाक मारली.

"मामा, डोळे मिचकवा असं आलंय."

"मिचकवतोय की गो!"

"त्याला कळत नाय रे."

कळणार कसं, उजवा डोळा धड उघडतच नाही माझा. अर्धा तास पडवीत उभा राहून पापण्या हलवत होतो, शेजारच्या काकूंना वाटलं डोळ्यात काहीतरी गेलं.

शाखेत गेलो तर "काका, ॲपवर घरबसल्या होतं." डोकंच फिरलं. भाचीने सुप्रीम कोर्टाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल शोधून ठेवला होता, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका आणि एक अंध अर्जदार केवायसीसाठीच कोर्टात गेले होते, डोळे मिचकवण्याला दुसरा पर्याय द्या असं त्यात स्पष्ट आहे. तो वाचून दाखवल्यावर कागदी फॉर्म निघाला. क्लार्कने सहीच्या जागेखाली पट्टी धरली, पाच मिनिटांत काम.

हां, पासवर्ड टाकताना हेडफोन लावा, नाहीतर टॉकबॅक आकडे मोठ्याने वाचू शकतो. आणि हात ओला असेल तर आधी पुसा, डबल टॅप लागत नाही. भाचीसारखं कोणी फोन घेणार असेल तर दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद दाबली की टॉकबॅक बंद होतो, शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवा.

परवा ॲपने विचारलं, अनुभव कसा वाटला, स्टार द्या. बोट फिरवलं. लेबल नसलेले बटण, लेबल नसलेले बटण, पाचही.