मला कोणी काही मागतच नव्हतं

दोन वर्षं मला घरात कोणी काही मागितलंच नाही. म्हणजे काळजी सगळे घ्यायचे, आई गोळ्या हातावर आणून द्यायची, दादा रजा टाकून डॉक्टरकडे घेऊन जायचा, वहिनी ताट वाढून खोलीत आणायची, पण "जरा दूध घेऊन ये रे" असं कोणी म्हणायचं नाही. बायपोलरचं (मन कधी अति उत्साहात तर कधी खोल डिप्रेशनमध्ये जाणारा आजार) निदान झाल्यापासून सगळे धास्तावलेले होते आणि त्यांचं चुकतही नव्हतं, मॅनियात, म्हणजे त्या अति उत्साहाच्या काळात, मी जे कर्ज करून ठेवलं ते दादानेच फेडलं. पण रोज नुसतं घेतच राहिलं की हळूहळू वाटायला लागतं, आपण नसलो तरी कोणाचं काही अडणार नाही. हा विचार किती वाईट असतो ते डिप्रेशन काढलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

मग आईच्या एका मैत्रिणीने सपोर्ट ग्रुपचं सांगितलं. इथेच पुण्यात, दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात दहा-बारा जण गोल करून बसतात, सगळे आजारातून गेलेले किंवा अजून त्यातच असलेले. नियम दोनच, इथलं बाहेर बोलायचं नाही आणि गोळ्या कमी कर, वाढव असले सल्ले द्यायचे नाहीत, ते डॉक्टरांचं काम. पहिले चार-पाच शनिवार मी एक अक्षर बोललो नाही, कोणी मागेही लागलं नाही. मग एकदा निघताना ग्रुप बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी चहाचं तू बघशील का?" बास, एवढंच. थर्मास भरून आणायचा आणि कप मांडायचे. शुक्रवारी रात्री मी तो थर्मास दोनदा घासला.

काही आठवड्यांनी एक नवीन मुलगा आला, तेविशीतला असेल. चहा नको म्हणाला, पुन्हा विचारलं तरी नको, आणि हात मांड्यांखाली दाबून बसलेला. मला लगेच कळलं, कारण लिथियम हे बायपोलरचं औषध सुरू झाल्यावर माझेही हात असेच थरथरायचे आणि मी चारचौघांत खाणंपिणं सोडलं होतं. मी अर्धाच कप भरला, त्याच्याकडे नेला आणि हळूच म्हटलं, "अर्धा आहे, दोन्ही हातांनी धर, सांडत नाही. माझाही सांडायचा. आणि थरथर जास्त असेल तर डॉक्टरांना सांग, लपवू नको, ते रक्तातली लेव्हल तपासतील." त्याने आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग कप घेतला. डॉक्टरांनी त्याला हा साइड इफेक्ट सांगितला असणारच, पण कप कसा धरायचा ते ज्याचा सांडलाय तोच सांगू शकतो. घरी येताना मला जे वाटत होतं ते कुठल्या गोळीने वाटलं नव्हतं (गोळ्या मी आजही न चुकता घेतो, त्यांना पर्याय नाही), माझ्या ज्या आजाराची मला लाज वाटायची तोच कोणाच्या तरी उपयोगी पडला होता.

नंतर याबद्दल वाचत गेलो. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची जी संघटना आहे, त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवातच अशी झालीय. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात धंद्याच्या कामासाठी गेला होता, काम फसलं, हॉटेलच्या लॉबीत उभा असताना बारकडे जायची ओढ लागली, आणि त्याने काय केलं तर फोनवर फोन करून दुसरा एखादा दारुडा शोधला, बोलायला! तो भेटला म्हणजे डॉ. बॉब स्मिथ. बिलला बॉबची दारू सोडवायची होती हे तर खरंच, पण त्याहून जास्त त्या दिवशी स्वतः प्यायचं नव्हतं म्हणून बॉब हवा होता. पुढे 1965 मध्ये फ्रँक रीसमन यांनी याला 'हेल्पर थेरपी' असं नाव दिलं, मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो असं त्यांचं म्हणणं. आणि इतकं लांब कशाला जा, 1986 पासून आपल्या पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच, तिथे बरे झालेले कितीतरी पेशंट पुढे तिथेच कार्यकर्ते, समुपदेशक झालेत.

एक मात्र मनापासून सांगतो, आपण सावरलेलो नसताना दुसऱ्याचं ओझं उचलायला जाऊ नका. मी एकदा एकाचे रात्री दोन-दोनला फोन घेत बसलो, झोप गेली, आणि बायपोलरमध्ये झोप गेली की मॅनिया परत येऊ शकतो हे माहीत असूनही ऐकलं नाही. ताईंनीच थांबवलं, महिनाभर नुसतं येऊन बस म्हणाल्या. आता रात्री दहानंतर फोन बंद, आणि कोणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर ते मी एकट्याने सांभाळत नाही, लगेच ताईंना आणि त्याच्या घरच्यांना सांगतो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर देतो.

परवा वहिनीचा फोन आला. "गुरुवारी मला सुट्टी नाही, पिल्लूला शाळेतून आणशील?" शाळा साडेबाराला सुटते. मी साडेअकरालाच गेटवर जाऊन उभा होतो, पाण्याची बाटली घेऊन.