सतरा नंबर

रिकामा शंख हातात आला की आधी तोंडाचा काठ बघायचा, ही सवय मला या कामाने लावली. जमिनीवरच्या गोगलगायींची पाहणी करताना जिवंतांइतकीच मेलेल्यांचीही नोंद ठेवावी लागते आणि मारणारा कोण हे बहुतेक वेळा शंखच सांगतो. काठ वेडावाकडा कुरतडलेला आणि त्यावर दातांच्या बारीक खुणा असतील तर उंदीर. एखाद्या दगडाभोवती ठिकऱ्यांचा सडा दिसला तर कस्तूर कुळातला पक्षी; तो शंख चोचीत धरून दगडावर आपटत राहतो. भुंगेऱ्यांपैकी काही काठापासून कवच फोडत जातात, तर काहींचं डोकंच इतकं निमुळतं की ते न फोडताच आत घालतात. काजव्याची अळी शंखाला ओरखडाही काढत नाही.

त्या दिवशी मी चुकले ती या शेवटच्या खुणेपाशी.

तीन दिवस पाऊस नव्हता. सकाळी पाहणीच्या चौकोनात शिरले आणि पहिलाच शंख अखंड मिळाला. दुसराही तसाच. दहावा हातात येईपर्यंत मी वहीत ‘काजवा’ लिहून मोकळी झाले होते. आमच्या गोगलगायींच्या शंखांवर रंगाने नंबर घातलेले असतात. दोन पावसाळे ज्यांच्यामागे फिरले, त्या नंबरांवर एकामागून एक फुली पडत होती. तेविसावी फुली मारताना हात थांबला. एवढ्याशा जागेत, एकाच वेळी इतक्या? काजव्याच्या अळीला एक गोगलगाय संपवायला कितीतरी तास लागतात आणि मागे उरणारा शंख आतून धुतल्यासारखा साफ असतो.

भिंग काढून पुन्हा पाहिलं. आत मांस तसंच होतं, आक्रसून काळपट पडलेलं. शंखाच्या तोंडाशी मातीवर सुकलेल्या चिकट्याचा जाड पांढरट थर होता. कोरड्या दिवसांत गोगलगाय आत जाऊन तोंडावर पातळ पापुद्रा धरते, तो हा नव्हे. अंगातलं पाणी चिकट्यावाटे बाहेर टाकत ती मेली होती.

पाचोळा सारत कुंपणापर्यंत गेले आणि निळी गोळी सापडली. मग दुसरी, मग मूठभर. हे मेटाल्डिहाइड नावाच्या विषाचं आमिष. गोगलगाय ते खाते, तिच्या चिकटा तयार करणाऱ्या पेशी निकामी होतात, अंगात चालायचं बळ राहत नाही आणि ती उघड्यावर पडल्या जागी सुकते. विष थोडं गेलं असेल आणि वेळेवर ओल मिळाली, तर एखादी सावरते. म्हणून ज्या अजून हलत होत्या त्या अकरा गोगलगायी उचलल्या आणि ओल्या टिपकागदावर डब्यात ठेवल्या. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या चारांनी शिंगं बाहेर काढली. बाकीच्या सात गेल्या.

पलीकडच्या बागेतले गृहस्थ बोलावल्यावर लगेच आले. “अहो ताई, एका रात्रीत वाफा साफ होत होता, काय करणार?” त्यांचं खोटं नव्हतं. त्यांची रोपं खाणारी जात मोठी, आमच्या चौकोनातली नखाएवढी. ही कुजका पाला आणि बुरशी खाते, त्यांच्या रोपाला तोंडही लावत नाही. पण गोळीला त्यातला फरक कुठून कळणार? हे ऐकल्यावर ते माझ्याबरोबर उकिडवे बसून गोळ्या वेचू लागले. वेचता वेचता म्हणाले, “मग गोगलगायी खाणारं एखादं जनावर आणून सोडलं तर?”

मी त्यांना पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटाची गोष्ट सांगितली. मोठ्या आफ्रिकन गोगलगायींना आवर घालायला तिथे १९७७ मध्ये अमेरिकेतली एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. ती चिकट्याचा माग काढत भक्ष्यापर्यंत पोचते. तिने तिथल्या पार्तुला नावाच्या झाडांवरच्या छोट्या गोगलगायींचा माग काढला आणि दहाएक वर्षांत त्या मोओरेआच्या रानातून जवळजवळ नाहीशा झाल्या. त्याच द्वीपसमूहातल्या रायातेआ बेटावरच्या एका पार्तुला जातीची शेवटची गोगलगाय १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचायचं आणि वाफ्याकडेला ओलं गोणपाट टाकून सकाळी त्याखाली जमलेल्या उचलायच्या, एवढं आमचं ठरलं.

ते गेल्यावर मी चौकोनात एकदा शेवटची फिरले. सतरा नंबर अजून कुठेच दिसली नव्हती. ती सापडली खोडावर, कमरेएवढ्या उंचीवर. वर चढून बसली होती म्हणून वाचली होती. पण तिच्या शंखावर काजव्याची अळी स्वार झालेली होती.

अळी वाकून शिंगाच्या बुडाशी विळ्यासारखे जबडे टोचत होती. जबडे पोकळ असतात, त्यांतूनच विष जातं. सतरा नंबर आत ओढून घेई आणि फेस काढी. अळी मागे सरके, शेपटाकडच्या कुंच्याने तोंडावरचा चिकटा पुसे आणि पुन्हा वाके. माझा हात दोनदा पुढे गेला. अळीला चिमटीत उचलणं अगदी सोपं होतं. दोन पावसाळ्यांची ओळख होती माझी त्या शंखाशी, आणि दिवसभरात फुल्या मारून जीव अगदी कोंडला होता. पण गोळ्यांनी अळीचंही अन्न संपवलं होतं. त्या अख्ख्या चौकोनात तिच्यासाठी एवढी एकच गोगलगाय उरलेली होती.

मी डब्याचं झाकण लावलं आणि खोडापाशी बसून राहिले. हळूहळू शिंगं आत जायची थांबली, सैल पडून लोंबू लागली. अंधार झाल्यावर शंखाच्या जागी हिरवट उजेडाचे दोन ठिपके तेवढे दिसत होते. बॅटरी लावून मी वहीतले सकाळचे सगळे ‘काजवा’ खोडले, समोर ‘विष’ लिहिलं. सतराव्या ओळीत ‘काजवा’ लिहिलं.