‘छळ’ हा शब्द अर्जात चालला नाही

मावशीच्या अंगावर एकही वण नव्हता. हे आधीच सांगते, कारण पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच आला. "मारहाण आहे का? नाही ना? मग मॅडम, ही घरगुती बाब."

मावशी ७८ वर्षांची, मूलबाळ नाही. काका गेल्यावर तिने राहतं घर दिराच्या मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. दीर आधीच वारलेले, पुतण्या म्हणजे मुलासारखाच. दोन वर्षांत ती पुढच्या खोलीतून मागच्या पडवीत आली. काकांच्या पेन्शनीचं एटीएम कार्ड पुतण्याच्या खिशात गेलं. मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी देव्हाऱ्यामागे खोचलेली. जेवण मिळायचं, पण सगळ्यांचं आटोपल्यावर, उंबऱ्यावर ताट सरकवून. तिच्याशी बोलायचं मात्र घरात कुणी नाही. आपण याला छळच म्हणतो.

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रांत ऑफिसात अर्ज करायला सांगितलं. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याखाली तिथे न्यायाधिकरण बसतं. अर्जदाराला स्वतःला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेला माणूस अर्ज करू शकतो. मावशीने थरथरत सही केली आणि मी कामाला लागले.

रात्री जागून चार पानं लिहिली. टोमणे, अबोला, दिवाळीत सगळे गावाला गेले तेव्हा तिला एकटीला ठेवलं ते, सगळं. कारकुनाने उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "ताई, वाईट वाटलं. पण यात मागणी काय?"

मग कायदा मुळातून वाचला. त्यात छळाची व्याख्याच नाही. ‘चरितार्थ’ची आहे: अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय उपचार. शिक्षेचं कलम २४ आहे, पण ते ज्येष्ठ माणसाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून देण्याबद्दल. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मावशीला एसटी स्टँडवर सोडून पुतण्या निघून गेला असता तर गोष्ट वेगळी होती. स्वतःच्याच घराच्या पडवीत टाकलेल्या बाईला हे कलम लावायचं कसं? २०१९ साली लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात शारीरिक, शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळ, दुर्लक्ष, टाकून देणं, सगळ्यांची नावं होती. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली.

एका ओळखीच्या वकीलबाईंनी दुसरी वाट सुचवली होती, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. तिथे व्याख्या भरघोस आहे, अपमान करणं आणि पैसा अडवणंही त्यात बसतं. तक्रार कुणाविरुद्ध करायची त्याच्या व्याख्येत पूर्वी ‘सज्ञान पुरुष’ असे शब्द होते, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढले, त्यामुळे पुतण्याच्या बायकोलाही त्यात ओढता आलं असतं. पण दाद मागता येते ती बाईलाच. मावशीच्या जागी काका मागे उरले असते तर? हा विचार डोक्यातून जात नाही. मावशीने मात्र "कोर्ट नको गं" म्हणून तो विषय संपवला.

तेव्हा अर्ज नव्याने लिहिला, दीड पानाचा. काय बोलले ते गाळलं, काय दिलं नाही ते मांडलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख, आणि त्यानंतर उपचार शून्य. पासबुकात पेन्शन जमा होते त्याच दिवशी दहा हजार काढल्याच्या नोंदी. पडवीचे फोटो. नात्याच्या रकान्यात गंमत झाली. मी सख्ख्या बहिणीची मुलगी, तरी कायद्याच्या लेखी ‘नातेवाईक’ नाही. निपुत्रिक ज्येष्ठाचा कायदेशीर वारस आणि त्याच्या मालमत्तेचा ताबा असलेला किंवा ती मिळणार असलेला, तो नातेवाईक. म्हणजे पुतण्या. त्यामुळेच तर त्याच्यावर जबाबदारी येत होती.

बक्षीसपत्रानेच घात केला. कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. आमच्या दस्तात सांभाळाची अटच नव्हती. "प्रेम व मायेपोटी" एवढंच, दस्तलेखकाचं नेहमीचं वाक्य. अट दाखवावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायदा उदारपणे वाचला, पण तिथे मुलाने आईला सांभाळण्याचं लिहून दिलं होतं. आमच्याकडे असा कागदाचा चिटोराही नव्हता. बक्षीसपत्र करायला निघालेला कुणी हे वाचत असेल, तर तेवढं एक वाक्य घालायला लावा, मुलगा कितीही गुणी असो.

सुनावणीआधी समेटाची बैठक झाली. पुतण्या साडी आणि पेढे घेऊन आला. मावशीने डोळे पुसले. "तो वाईट नाही गं, बायकोपुढे त्याचं चालत नाही." मी गप्प बसले. बैठकीतून निघालं काहीच नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल हवा, अपवाद म्हणून आणखी ३०. आमचे सात महिने गेले. दोनदा साहेब निवडणुकीच्या कामावर, एकदा पुतण्या आजारी.

आदेश शेवटी आला: दरमहा ६००० रुपये, पुढची खोली परत, महिन्याच्या आत मोतीबिंदूचं ऑपरेशन. दस्ताला हात लावलेला नाही. मी आदेश मोठ्याने वाचून दाखवला. मावशीने पदराशी चाळा करत विचारलं, "ते माझ्याशी बोलत नव्हते, हे लिहिलंय का त्यात?"

नव्हतं लिहिलेलं.

ऑपरेशन झालं. एटीएमचा पिन आम्ही बदलला, आणि पंधरा दिवसांत तिने तो पुतण्याला सांगितलाही. मग बँकेत जाऊन कार्डच बंद केलं. आता ती विड्रॉल स्लिपवर सही करते. दरमहा पाच तारखेला मी पासबुक भरून आणते. हप्ता चुकला तर वसुलीचा अर्ज तो देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या आहेत. या महिन्याचा अजून आलेला नाही.