एक पुढे, एक मागे

सांकेतिक भाषेत दोन माणसांचं भांडण एकटीने दाखवायचं असेल तर खांदे वळवावे लागतात. डावीकडे वळले की मी एक माणूस, उजवीकडे वळले की दुसरा. नजर, मान, भुवया, सगळंच त्या त्या माणसाचं. माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर. त्यामुळे इंटरप्रिटरच्या कोर्सला हा भाग आला तेव्हा मला काही नवीन नव्हतं. आमच्या घरातली भांडणं मी लहानपणापासून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मामाला फोनवर बोलून दाखवत आले होते.

तरीही गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझे खांदे चुकले.

पुण्यात कर्णबधिर मंडळींचा एक छोटा गट महिन्यातून एकदा सिनेमा बघतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या कार्यालयाचा वरचा मजला, पस्तीसेक खुर्च्या, एक प्रोजेक्टर. त्या महिन्याचा सिनेमा पोरांनी निवडला होता : ‘अँव्हिल! द स्टोरी ऑफ अँव्हिल’. हेवी मेटल बँडवरचा माहितीपट. निरोप वाचून मी हसले, आणि मग हसल्याची लाज वाटली. कारण तिथे पोचले तर पोरांनी स्पीकर लाकडी स्टेजवर पालथे घातले होते आणि पहिली रांग चपला काढून, स्टेजच्या कडेला तळपाय टेकवून बसली होती. ड्रम कुठून येतात हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

खाली इंग्रजी सबटायटल होते. पण इथल्या बहुतेकांचं शिक्षण मराठी शाळेतलं, आणि मराठीसुद्धा त्यांच्यासाठी दुसरीच भाषा. म्हणून मी. खरं तर अशा कामाला दोघी लागतात, वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून. नाहीतर हात जड होतात आणि त्याआधी डोकं. माझी जोडीदारीण तापाने पडली होती. सिनेमा ऐंशी मिनिटांचा आहे, रेटू, असं म्हटलं. सिनेमाला अंधार हवा आणि माझ्या हातांना उजेड, म्हणून पडद्याच्या बाजूला एक टेबललॅम्प माझ्याकडे तोंड करून ठेवला. शिवाय बघणाऱ्याला एकाच वेळी पडदाही बघता येत नाही आणि मीही. त्यामुळे प्रत्येक मोठ्या संवादानंतर लॅपटॉपवरचा मुलगा सिनेमा थांबवणार होता. ऐंशी मिनिटांचे अडीच तास तिथेच झाले.

गोष्ट अशी. टोरांटोचा बँड. गायक-गिटारवादक स्टीव्ह कुडलो, त्याला सगळे लिप्स म्हणतात, आणि ड्रमर रॉब रायनर. चौदाव्या वर्षी दोघांनी ठरवलं की आयुष्यभर एकत्र वाजवायचं. १९८२ च्या ‘मेटल ऑन मेटल’ या अल्बमने नाव झालं. १९८४ साली जपानमध्ये स्कॉर्पियन्स आणि बॉन जोव्ही वाजवत होते त्याच महोत्सवात हेही होते. बाकीचे कुठल्या कुठे गेले, हे राहिले. सिनेमात दोघं पन्नाशीला टेकलेले. लिप्स शाळांना जेवण पोचवणाऱ्या केटररची गाडी चालवतो, रॉब बांधकामावर जातो. दिग्दर्शक साशा जर्व्हासी स्वतः पोरसवदा वयात या बँडचं सामान उचलायला त्यांच्याबरोबर फिरलेला. त्यामुळे कॅमेरा त्यांना हसत असला तरी घरच्यासारखा हसतो.

अँव्हिल म्हणजे ऐरण. मी एक मूठ खाली धरून दुसरीने त्यावर ठोका दिला, आणि संपूर्ण सिनेमाभर बँडचं तेच नाव झालं. लिप्सला कुणीतरी ओठांवर दोन बोटं असं साइन-नाव दिलं, रॉबला हवेतल्या दोन काठ्या. युरोपचा दौरा रंगला. गाड्या चुकतात, पैसे मिळत नाहीत, रोमानियात दहा हजार माणसं मावतील अशा जागी १७४ जण येतात. हा आकडा मी केला तेव्हा हॉल हसून लोळला. मंडळाच्या वार्षिक सभेला किती येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शिव्या भरपूर. पुढे दोन आजी बसल्या होत्या. शिवी गाळायची नाही हा आमचा नियम, म्हणून एकही गाळली नाही. एका आजींनी मध्येच मला थांबवून एक शिवी नीट कशी करतात ते दाखवलं.

मग डोव्हर आलं.

लिप्सच्या बहिणीने दिलेल्या पैशांवर दोघं इंग्लंडला जातात, तेराव्या अल्बमसाठी. निर्माता ख्रिस त्सँगारिडीस, ‘मेटल ऑन मेटल’चाच. स्टुडिओत ताण वाढतो आणि दोघं एकमेकांवर तुटून पडतात. लिप्स करायला सोपा आहे. त्याचं सगळं चेहऱ्यावर आणि हातांत असतं, बोलण्याआधी हात बोलतात. रॉब अवघड. तो थोडं बोलतो, मग गप्प होतो. गप्प बसणं साइन कसं करायचं? हात खाली सोडले तर लोकांना वाटतं इंटरप्रिटर दमली.

मी डावा खांदा लिप्सला दिला, उजवा रॉबला, आणि सुटले. डावा, उजवा, डावा. शब्द एकही चुकला नाही, हे आजही सांगते. पण खांदे आईबाबांचे निघाले. त्या दोघांच्या भांडणात एक जण कायम दाराबाहेर जायला निघालेला असायचा. तेच माझ्या अंगात उतरलं. त्यानंतर लिप्स रडत माफी मागतो. त्याचा रोख असा की सगळ्यात जवळचा तूच, मग मी आणखी कुणावर फुटू? आणि इथे माझी फजिती झाली. आत्तापर्यंत मी दोन शत्रू उभे केले होते, त्यांना आता मिठी कशी मारायला लावू? एकाच अंगात? मी स्वतःच्याच खांद्यांना कवटाळलं, तर थंडी वाजणारा माणूस दिसला.

सिनेमा थांबला. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी हात केले : दारू पिणारे असेच रडतात. उद्या पुन्हा करेल. दुसऱ्याने विचारलं, म्हणजे बँड मोडला?

तेवढ्यात जमिनीवर पाय आपटला. जोरात, दोनदा. मला तो ऐकू आला, बाकीच्यांना तळव्यांत कळला. कुणीतरी ट्यूब लावली.

पहिल्या रांगेतले काका उभे होते. छापखान्यात उभं आयुष्य काढलेले. त्यांच्या बरोबर मागच्या खुर्चीत त्यांचे चष्मेवाले मित्र. दोघं दर महिन्याला एकत्र येतात आणि शेजारी कधीच बसत नाहीत. हे मी आधीही पाहिलं होतं, त्याचा विचार केला नव्हता. (साइनमध्ये तू-तुम्ही नसतं. बोट दाखवलं की झालं, मान अंगातून द्यायचा. काकांचं बोलणं मी इथे ‘तू’ने लिहितेय, पण तो त्यांच्या वयाचा ‘तू’ आहे.)

काका म्हणाले, “तू त्यांना समोरासमोर उभं केलंस. ते समोरासमोर नाहीत. स्टेजवर बघ. गिटारवाला पुढे, ड्रमवाला मागे. हा त्याची पाठ बघतो, आयुष्यभर. त्याला हा दिसतच नाही, तरी कळतो. जमिनीतून.”

मग छापखाना सांगितला. मोठं सिलिंडर मशीन, काका एका टोकाला कागद लावायचे, मित्र दुसऱ्या टोकाला काढायचे. मध्ये लोखंड. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. दुसऱ्याचा हात मंदावला की मशीनच्या हादऱ्यात कळायचं, आज याचं काहीतरी बिनसलंय. भांडण जेवणाच्या सुट्टीत. हात शाईने काळे, तेच हात एकमेकांच्या नाकापुढे. “याने शाई उडवून माझे तीन सदरे घालवले.”

मागून चष्मेवाले उठले. “खोटं. दोन.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, पुन्हा लाव. तू लिप्स कर. मी मागे उभा राहतो.

प्रेक्षकाला असं कामात घ्यायचं नसतं. मला नियम माहीत होता, पण हातही दुखत होते. काका माझ्या मागे स्टेजवर चढले, म्हणजे माझ्या डोक्यावरून सगळ्यांना दिसतील असे. लॅम्प थोडा वर केला. सिनेमा मागे घेतला.

मी लिप्सचं सगळं समोर बघून केलं, मागे न वळता. ओरडणं, रडणं, माफी. काका काय करत होते ते मला दिसत नव्हतं. रॉबचे शब्द त्यांना ऐकू येणार नव्हते. मघाशी मी जे केलं त्यातलं जे लक्षात राहिलं ते ते करत असावेत. पण मला दिसत होते समोरचे चेहरे. माझ्याकडे थोडा वेळ, मग वर, माझ्या डोक्यावर, आणि तिथेच बराच वेळ. मी हातवारे करत असतानाही लोक वरच बघत होते. मघाच्या त्या बाई पुढे वाकल्या होत्या. पोरांनी नंतर सांगितलं की काकांनी जेमतेम चार साइन केल्या. बाकी वेळ हात मागे बांधून माझ्या पाठीकडे बघत होते.

मिठीच्या जागी आलो तेव्हा पुढे काय हे ठरलेलं नव्हतं. मी एका टाचेने स्टेजच्या पायरीला टेकून उभी होते. टाचेखालची फळी हलकीच दबली. काका एक पाऊल पुढे आले होते. त्यांचा हात माझ्या खांद्याला लागायच्या आत मी वळलेले होते. मी ऐकू येणारी बाई आहे, पण ते मी ऐकलं नव्हतं.

पुढचा सिनेमा पटकन गेला. शेवटी पुन्हा जपान, महोत्सव, आणि यांना मिळालेली वेळ सकाळची. हॉल रिकामा असेल या धास्तीने दोघं स्टेजकडे चालत जातात. हॉल भरलेला असतो. तिथे मी काहीच केलं नाही, लॅम्पसुद्धा बंद केला. आमच्या हॉलमध्येही पस्तीस जणांचे हात वर, पंजे हलवत. पडद्यावरच्या टाळ्या आणि इकडच्या टाळ्या, कुठल्या कुणाच्या कळेना.

मी वायर गुंडाळत असताना चष्मेवाले काका आले. चेहरा गंभीर. म्हणाले, “छान झालं, पण एक चूक सांगतो. हा रॉब नाही. हा लिप्स आहे. आधी तोंड सोडतो, मग रडतो. रॉब मी.”

हे पहिल्या काकांनी लांबून बघितलं. साइनचं हे एक आहे, कुजबुज लांबूनही वाचता येते. ते तरातरा आले. हॉलचा पोऱ्या दिवे घालवत होता. अंधार झाला तसं दोघांचं भांडण अर्धवट तुटलं. मग दोघंही बाहेर जिन्यात गेले, तिथल्या एकुलत्या एक बल्बखाली उभे राहिले आणि पहिल्यापासून सुरू केलं.