“नागपुरात हीटर कशाला पायजे, ताई?”

गाडीला हीटर आहे. ब्लोअर शेवटच्या नंबरवर, नॉब लाल टोकाला टेकवलेला, आणि तोंडावर येते ती माठातून निघाल्यासारखी हवा. आधीचे हिवाळे शालीवर काढले. यंदा ठरवलं की याचा छडा लावायचाच. लागला. पण एका पन्नास ग्रॅमच्या पार्टसाठी गॅरेजवाल्यांनी माझा जो जीव खाल्ला, तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून काढतेय.

आमची जीप जुनी, सेकंड हँड, ताडपत्रीच्या हुडाची, डिझेल फोर-बाय-फोर. काटोलच्या पुढे सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. शेवटचा पांदण रस्ता काळ्या मातीचा, ओलिताचं पाणी त्यावर आलं की दुसरी गाडी तिथे रुततेच, म्हणून ही ठेवलीय. आंबिया बहाराची तोडणी थंडीतच येते आणि मजूर सकाळी सातला झाडाखाली हजर, म्हणजे आम्हाला नागपुरातून अंधारातच निघावं लागतं. फेटरी मागे पडली की दोन्ही बाजूंनी शेतांचा गारवा अंगावर येतो. बाजूच्या सीटवर बाबा म्हणजे सासरे. स्वेटर, मफलर, कानटोपी, वरून घोंगडी, तरी दर पाच मिनिटांनी “सूनबाई, खिडकी लाव ना.” खिडकी लावलेलीच असते. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना नागपूर म्हणजे नुसता उन्हाळा वाटतो. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे सांगूनही त्यांना पटत नाही.

हीटर म्हणजे गाडीत बसवलेली शेगडी नव्हे, हे आधी समजून घ्या. इंजिनातून तापून आलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं रसायन मिसळलेलं पाणी, डॅशबोर्डमागच्या एका लहानशा कॉइलमधून फिरतं आणि ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो. बस्स, एवढंच. इंजिनच तापलं नाही तर ब्लोअर काय करणार? आणि इंजिन लवकर तापावं म्हणूनच कूलंटच्या वाटेत थर्मोस्टॅट असतो. मिस्त्री लोक त्याला ‘वॉल’ म्हणतात. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्यावर ८२ छापलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो.

आमच्या गाडीचा टेम्परेचरचा काटा शहरातल्या ट्रॅफिकमध्ये जरासा वर यायचा आणि मोकळा रस्ता लागला की पुन्हा तळाशी. हे लक्षण पाठच करून ठेवा. काटा चांगला असेल आणि तरी असं होत असेल, तर बहुतेक वॉल उघडा अडकलाय, नाहीतर तो जागेवर नाहीच.

आमच्यात नव्हताच.

“वॉल? तो तं मीच काढला ना ताई, मागच्या उन्हाळ्यात,” नेहमीचा मिस्त्री छाती काढून म्हणाला. “सगळ्यांचेच काढतो. मे महिन्यात गाडी हीट होऊन राहिली तर माझ्याकडंच येता ना तुम्ही?” काढलेला कुठाय विचारलं तर “भंगारात गेला असन.” परत बसवा म्हटलं तर “नागपुरात हीटर कशाला पायजे, ताई? महिनाभराची तं थंडी.” आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: “साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” साहेबांना जीपचं बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. पण ते असो.

मला चीड कशाची आली, सांगते. वॉल काढल्याने मे महिन्यातही फारसं काही साधत नाही. बाहेर ४५ अंश असताना चांगला वॉल तसाही पूर्ण उघडलेलाच असतो, तो कुणाच्या वाटेत येत नाही. गाडी हीट होते ती चोंदलेल्या रेडिएटरने, सैल बेल्टने, फॅन नीट न ओढल्याने किंवा रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेल्याने. झाकण दाब धरत नसलं की पाणी लवकर उकळतं. अडकलेला वॉल हेही एक कारण असतं, पण मग नवा टाका ना! काही इंजिनांत तर हाच वॉल उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला की तापलेलं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे उलटच झालं. शिवाय बारमाही थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, एका स्कूटरवाल्याला चावी दिली आणि म्हणाला, “उद्या या.”

त्या ‘उद्या’चे पुढे बरेच ‘उद्या’ झाले. पोरगा सुटीवर. पार्ट आणलाच नाही. पार्ट आणला पण पॅकिंग, म्हणजे जोडातून पाणी गळू नये म्हणून लावायची चकती, नाही. एकदा तर मी पोचायच्या आधीच त्याने “करून टाकलं” म्हणून फोनवर सांगितलं. केलं काय होतं, तर फॅनची वायर डायरेक्ट केली होती. म्हणजे चावी फिरवली की रेडिएटरचा फॅन सुरू, इंजिन बर्फ असलं तरी! थंडीची तक्रार घेऊन गेलेल्या गाडीला यानं आणखी एक पंखा लावून दिला. ती वायर परत इंजिन तापल्यावरच फॅन चालू करणाऱ्या स्विचवर घ्यायला लावली तेव्हा त्याचा चेहरा असा, की मीच त्याचं नुकसान करतेय.

शेवटी पार्ट आणायला मीच निघाले. घाट रोडच्या एका दुकानात काउंटरवरच्या काकांनी वहीतून मान वर न करता विचारलं, “वॉल काढायचाय का बसवायचाय?” बसवायचाय म्हटल्यावर मान वर झाली. आतून एक धूळ बसलेला डबा आला, त्यातल्या पार्टवर ७६ छापलेलं. “हाच टाका, नागपूरसाठी बरा.” मी मॅन्युअल सोबत नेलं होतं, त्यात ८२ होतं. हीटरसाठी आकडा कमी नको, आणि गरम हवा पाहिजे म्हणून मनाने वाढवायचाही नको. कंपनीने दिलाय तोच घ्या. तो मिळाला, सोबत नवं पॅकिंगही घेतलं. जुनं पॅकिंग खरवडून परत लावणारे महाभाग असतात, म्हणून ते मागूनच घ्यायचं.

घरी आणून आधी पातेल्यात तपासला. दोऱ्याला बांधून पाण्यात लटकता ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि गॅस लावायचा. पाणी कोमट असेपर्यंत तो ढिम्म होता. मग बुडबुडे चढायला लागले तसा मधला पितळी गोल अगदी सावकाश सरकला आणि कडेने फट दिसली. काढून ओट्यावर ठेवला, तर गार झाल्यावर टक्‌ करून मिटला. सासूबाई चहासाठी खोळंबल्या होत्या, त्याही बघत उभ्या राहिल्या. थर्मामीटर नसला तरी चालतं. उकळत्या पाण्यात उघडतो आणि गार झाल्यावर बंद होतो, एवढं दिसलं तरी पुरे.

बसवून दिला तो नागपूरलगतच्या वाडी गावातल्या एका ट्रकच्या गॅरेजने. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने एकही प्रश्न विचारला नाही. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवा जायचं बारीक भोक वरच्या अंगाला, एवढं मात्र मला बोट ठेवून दाखवलं. मला इतका आनंद झाला की पैसे देताना वर नाश्त्याचेही दिले.

काटा मधोमध येऊन थांबला, आणि तरी हवा कोमटच! पण आता मला घाबरायचं कारण नव्हतं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून हीटरचे दोन पाइप आत जातात. गाडी गरम झाल्यावर बंद करून, फॅनपासून हात लांब ठेवून, दोन्हींना जपून स्पर्श करून पाहा. आमचा एक चटका देत होता, दुसरा गार. म्हणजे कॉइल चोंदलेली, किंवा नॉबच्या केबलवर चालणारी हीटरची तोटी उघडत नसलेली. तोटी उघडत होती. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतून ओतून कॉइलमध्ये क्षार जमवले होते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर दोन्ही पाइप सोडले आणि परतीच्या बाजूने बागेच्या नळीने पाणी सोडलं, अगदी हलक्या धारेने. जोर लावला तर जुनी कॉइल फुटते आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आधी गंजकट तांबडं, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. ते वापरलेलं कूलंट अंगणात सांडू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा आणि गाडीचं तोंड चढाला लावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली तर हवा अजून आहे. हो, आणि लीकेज बंद करायची ती पावडर रेडिएटरमध्ये कुणाला टाकू देऊ नका. ती भोकाआधी हीटरची कॉइल बंद करते.

आता गरम हवा येते, पण ताडपत्रीच्या हुडात ती टिकवणं हे वेगळंच काम. माझ्या मते निम्मी थंडी पायांकडून येते. क्लच आणि वायरिंग जिथून आत शिरतं, तिथली रबरी बुचं जुन्या गाड्यांत वाळून पडलेली असतात. ती बदलली. गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबरही बदललं. पुढच्या सीटच्या मागे रेक्झिनचा पडदा लावला, कारण मागच्या रिकाम्या बाकांना ऊब देऊन काय करायचंय? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाचा उपाय हाच निघाला.

मात्र फटी बुजवायच्या आधी सायलेन्सरची लाइन तपासून घ्या. धूर गळत असेल तर बंद केबिनमध्ये तो जीवावर बेततो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतंय, मळमळतंय असं वाटलं तर गाडी थांबवून खाली उतरायचं. बंद गाडीत शेगडी ठेवून झोपायचा विचारही नको.

काचेवर वाफ धरली तर आतलीच हवा फिरवायची खटकी बंद करून बाहेरची हवा घ्या. सुरुवातीला लवकर ऊब यावी म्हणून आतली हवा ठीक, पण दोघांचे श्वास आणि बाबांची घोंगडी मिळून पाच मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. वाफ तेलकट असेल, गोडसर वास येत असेल आणि पायाखालचं मॅट ओलं असेल तर ती वाफ नव्हे, कॉइल गळतेय.

ट्रकवाले रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा लावतात, तसा लावू का असं भाच्याने विचारलं. वॉल नीट असेल तर नागपुरात त्याची गरज नाही. पहाटे लावलेला पुठ्ठा दुपारच्या उन्हात परतताना काढायला कोण लक्षात ठेवणार? घरासमोर पंधरा मिनिटं गाडी सुरू ठेवूनही उपयोग नाही. उभं डिझेल इंजिन तापायला सुस्त असतं. मिनिटभर थांबून हळू निघालं की लवकर तापतं.

परवा बाबांनी कळमेश्वरच्या आधीच मफलर काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “काच थोडी खाली कर ना.”

नेहमीच्या मिस्त्रीला आता उन्हाळ्याची सर्व्हिसिंग मिळेल, पण जॉब कार्डावर मी स्वतःच्या हाताने ‘वॉल काढायचा नाही’ असं लिहूनच गाडी सोडणार आहे. फॅनच्या वायरचंही त्याच्याखाली लिहीन.