खडक बदलला, मग आकडे कसे टिकले?

‘हा शिस्ट (उष्णता आणि दाबाने बदललेला, अभ्रकाने भरलेला पापुद्र्यांचा खडक) कधीकाळी चिखल होता, हे मान्य. पण सहाशे अंशांत शिजून निघाल्यावर त्यातली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं त्या चिखलाचीच आहेत, हे कशावरून?’ या मूलद्रव्यांच्या आकड्यांवरून मूळ गाळ कुठल्या कवचखंडातून आला ते ओळखतात, म्हणून हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर एकदा लिहून ठेवलेलं बरं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक वेळा ती चिखलाचीच असतात. आकडे फसतात तेव्हा रूपांतरणाला, म्हणजे खडकाच्या या शिजून बदलण्याला, दोष देण्याची घाई होते. माझा संशय आधी नमुना घेणाऱ्यावर आणि प्रयोगशाळेवर जातो.

लँथॅनमपासून (हलकी) ल्युटेशियमपर्यंतची (जड) ही मंडळी एका साच्यातली. विद्युतभार सहसा तीन धन, आणि आयनाची त्रिज्या 1.16 अँगस्ट्रॉमपासून 0.98 पर्यंत हळूहळू उतरत जाणारी. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत. चिखल तापला की मातीच्या खनिजांचं अभ्रक होतं, साधारण 450 ते 550 अंशांच्या टप्प्यात अॅलनाइटची जागा मोनाझाइट घेतं (दोन्ही हलकी मूलद्रव्यं साठवणारी खनिजं), गार्नेट वाढताना जड मूलद्रव्यं गिळतं. म्हणजे ऐवज एका खनिजाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, पण हा प्रवास सहसा मिलिमीटर-सेंटिमीटरांचा. मोठा तुकडा घेतलात तर बेरीज तीच येते. अपवाद ठळक आहेत: क्वार्ट्झच्या शिरा, फ्लोराइड किंवा कार्बोनेटयुक्त द्रव खेळून गेलेले पट्टे, आणि अंशतः वितळलेला खडक. वितळ बाहेर पडला असेल तर बेरीज मोडलेलीच असते, असा नमुना सरळ टाकून द्यावा.

बारीक दाण्याच्या शिस्टसाठी किलो-दोन किलो पुरतात. सेंटिमीटरभर गार्नेट दिसत असतील तर तीन ते पाच किलो घ्या. मुठीएवढ्या तुकड्यात एक गार्नेट जास्त आला तरी यटर्बियमसारखं जड मूलद्रव्य उगाच वर चढतं.

पूड करताना खरी मेख आहे, आणि इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शेलमध्ये (चिखलाच्या दगडात) लँथॅनम सुमारे 38 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 38 भाग. ते सगळं मोनाझाइटमध्ये आहे असं धरा आणि मोनाझाइटात 12 टक्के लँथॅनम माना. मग खडकात मोनाझाइट जेमतेम 320 पीपीएम. विश्लेषणाला 0.1 ग्रॅम पूड घेतली तर त्यात मोनाझाइट 32 मायक्रोग्रॅम. 100 मायक्रॉनच्या एका कणाचं वजन भरतं सुमारे 5 मायक्रोग्रॅम. म्हणजे तुमचं सगळं लँथॅनम सहा कणांवर उभं! एक कण इकडचा तिकडे झाला की हलक्या मूलद्रव्यांचा आकडा सहाव्या हिश्शाने हलतो. म्हणून पूड 75 मायक्रॉनखाली हवी, आणि एकाच पुडीचे दोन वेगळे भाग विरघळवून पाहायला हवेत.

विरघळवताना झिर्कॉन (झिर्कोनियमचं खनिज) हट्ट करतो. उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाला तो दाद देत नाही, आणि जड मूलद्रव्यं त्याच्यातच अडकून राहतात. चिखली खडकात हे नुकसान थोडं, वालुकामय क्वार्ट्झाइटमध्ये मोठं. शिवाय फ्लोराइडचा पांढरा साका राहिला तर तो हलकी मूलद्रव्यं धरून ठेवतो. मी लिथियम मेटाबोरेटच्या बाजूचा: 0.1 ग्रॅम पूड, 0.3 ग्रॅम मेटाबोरेट, 1000 ते 1050 अंशांना अर्धा तास, मग तो रस 5 टक्के नायट्रिक आम्लात ओतून ढवळायचा. द्रावण 100 मिलिलिटर करून पुन्हा चौपट पातळ करा, नाहीतर क्षार मोजणीच्या यंत्राच्या तोंडाशी असलेल्या शंकूंवर साचतात. विरघळलं की नाही याची परीक्षा सोपी: क्ष-किरण प्रतिदीप्तीने (आम्लात न विरघळवता) मोजलेलं झिर्कोनियम आणि द्रावणातलं झिर्कोनियम जुळलं पाहिजे.

आता मोजणी. आयसीपी-एमएसमध्ये (अणू त्यांच्या वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) बेरियम ऑक्साइड थेट युरोपियमच्या जागी येऊन बसतं: बेरियम 135 अधिक ऑक्सिजन 16 म्हणजे 151, आणि 137 अधिक 16 म्हणजे 153. नमुन्यात बेरियम 650 पीपीएम आणि युरोपियम 1.08 असेल, तर हजारात एक बेरियम ऑक्साइड झालं तरी 151 वर सुमारे 9 टक्के आणि 153 वर 14 टक्के खोटी भर पडते. अभ्रकाने भरलेल्या शिस्टमध्ये बेरियम भरपूर, त्यामुळे हा सापळा नेमका आपल्यासाठीच लावलेला. निव्वळ बेरियमचं द्रावण चालवून दुरुस्ती काढा. दुरुस्तीनंतर युरोपियमच्या दोन्ही समस्थानिकांनी, म्हणजे 151 आणि 153 ने, एकच उत्तर दिलं पाहिजे.

एवढी काळजी युरोपियमसाठीच का? कारण ते दोन धन भार घेऊन प्लॅजिओक्लेज या खनिजात शिरतं, आणि ते खनिज खोल कवचात मागे राहिलं की वरच्या ग्रॅनाइटात युरोपियमची खोट येते. आकड्यांची कॉन्ड्राइट अशनींशी तुलना करून, युरोपियमला त्याच्या शेजारच्या समेरियम आणि गॅडोलिनियम यांच्या भूमितीय मध्याने (गुणाकाराच्या वर्गमुळाने) भागलं, की आर्कियननंतरच्या (गेल्या सुमारे 250 कोटी वर्षांतल्या) ऑस्ट्रेलियन शेलच्या सरासरीला 0.65 मिळतात. आर्कियन गाळांत बऱ्याचदा हा आकडा 1 च्या जवळ असतो. 14 टक्के चुकीने 0.65 चे 0.74 होतात. मग कुठला कवचखंड झिजून हा गाळ आला, याचा निष्कर्षही आर्कियनच्या दिशेला सरकतो.

लोहपट्ट खडकांत (प्राचीन समुद्रात साचलेल्या, लोहाच्या पट्ट्यांच्या खडकांत) सिरियमचा मोह आवरावा लागतो. ऑक्सिजन असलेल्या समुद्राच्या पाण्यात सिरियम बाकीच्यांपेक्षा कमी उरतं, म्हणून त्याची खोट ऑक्सिजनची खूण मानतात. सिरियमची अपेक्षित पातळी लँथॅनम आणि प्रासिओडिमियम यांच्यावरून काढतात, पण समुद्रातून साचलेल्या थरात लँथॅनमच जास्त असतं. मग सिरियम कमी नसतानाही कमी दिसतं, आणि कुणीतरी प्राचीन ऑक्सिजन सापडल्याचं सांगतं. आकड्यांची सरासरी शेलशी तुलना करून, प्रासिओडिमियमला सिरियम आणि निओडिमियमच्या सरासरीने भागून पाहा. उत्तर 1 च्या आसपास असेल तर खोट सिरियमची नाही, लँथॅनमची भर आहे. 1 च्या वर स्पष्ट गेलं तरी आधी खडकाची साल तपासा: आजच्या हवापाण्यातली झीजही सिरियमला बाकीच्यांपासून वेगळं पाडते, आणि त्याला 300 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राची गरज लागत नाही.